अस्सल आवाज, नक्कल फिती

खान्देशातील जामनेर, पहूर, शेंदुर्णी, फत्तेपूर, नेरी या पट्ट्यातील घरांच्या माळ्यांवर ज्या कॅसेटी आज धूळ खात पडल्या आहेत, त्यांपैकी चित्रपटगीतांच्या, आरत्यांच्या आणि कंपन्यांनी छापून विकलेल्या भजनांच्या कॅसेटी उद्या नष्ट झाल्या, तरी त्यांतील आवाज अन्यत्र शिल्लक राहील; परंतु जत्रेतील तमाशाचा वग, सप्ताहातील कीर्तन, भीमजयंतीच्या रात्रीची गायनपार्टी, कानबाई देवीच्या जागरणातील गाणी किंवा लग्नघरातील हळदीच्या ओळी कोणी हातातल्या टेपरेकॉर्डरवर टिपून ठेवल्या असतील, तर बहुतेक वेळा ती एक फीत हेच त्या रात्रीचे एकमेव साधन असते. कलावंताची किंवा कंपनीची रीतसर परवानगी न घेता केलेल्या (बहुधा श्रोत्यांमधून) किंवा पसरवलेल्या, बाजारात अधिकृतपणे कधीच न आलेल्या अशा ध्वनिमुद्रणाला संगीताच्या जगात ‘बूटलेग’ म्हणतात. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या कॅसेटची चोरून काढलेली प्रत ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, कारण तिची मूळ प्रत कंपनीच्या कपाटात सुरक्षित असते. जतनाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो: चोरीची प्रत गेल्याने कोणाचाही आवाज कायमचा हरपत नाही, बूटलेग फीत गेल्याने मात्र तो हरपतो.

अशा फिती शोधण्याची, त्यांच्या प्रती ताडून पाहण्याची आणि त्या दुरुस्त करण्याची आवड पाश्चात्त्य देशांत पंक संगीताभोवतीही वाढली. पंक म्हणजे १९७० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क आणि लंडन येथे पुढे आलेला रॉक संगीताचा एक बंडखोर प्रवाह. गाणी छोटी, वेगवान आणि मुद्दाम खडबडीत, वाद्यांवर प्रभुत्व असण्याची अट नाही, मोठ्या कंपन्यांविषयी उघड अविश्वास आणि जे करायचे ते स्वतःच्या हाताने करण्याचा आग्रह. अशा अनेक वाद्यवृंदांना स्टुडिओत जाण्याची संधी फार उशिरा मिळाली किंवा कधीच मिळाली नाही, त्यामुळे त्यांचा सुरुवातीचा इतिहास श्रोत्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांतच राहिला. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. त्या छोट्या सभागृहातील श्रोत्यांपैकी काहींनी पुढे स्वतःचे नामवंत वाद्यवृंद काढले, म्हणून संगीताच्या इतिहासात ती संध्याकाळ मोठी मानली जाते, आणि ती आज ऐकता येते ती एका श्रोत्याने केलेल्या ध्वनिमुद्रणामुळे. पुढच्याच वर्षी या वाद्यवृंदाचा अधिकृत अल्बम बाजारात येण्यापूर्वी त्यांच्या कच्च्या ध्वनिमुद्रणांची ‘स्पंक’ नावाची बूटलेग तबकडी विकली जाऊ लागली होती. ब्रिटिश ध्वनिमुद्रण उद्योगाने घरगुती टेपिंगविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा अमेरिकेतील डेड केनेडीज या पंक वाद्यवृंदाने १९८१ साली आपल्या एका कॅसेटची दुसरी बाजू मुद्दाम कोरी ठेवली आणि श्रोत्यांनी तिच्यावर हवे ते भरून घ्यावे असे सुचवले.

खान्देशात पंक संगीताचा वारसा शोधायला गेल्यास हाती काही लागणार नाही. तरीही ज्या परिस्थितीत पंकची बूटलेग फीत निर्माण झाली, ती परिस्थिती येथे अधिक मोठ्या प्रमाणावर होती. कलावंत भरपूर, श्रोते भरपूर, रात्रभर चालणारे कार्यक्रम भरपूर, आणि त्यांची नोंद घेणारी कंपनी बहुधा नाही. अशा ठिकाणी स्वस्त यंत्र पोचले की पुढील गोष्ट आपोआप घडते.

ते यंत्र पोचण्याचा इतिहास थोडक्यात असा आहे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट प्रथम दाखवली. लू ओटेन्स या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली बेल्जियममधील हॅसेल्ट येथे तिची घडण झाली होती. भारतात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आखाती देशांत काम करणाऱ्यांनी जपानी ‘टू-इन-वन’ म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेली यंत्रे घरी आणली, पुढे आयातीवरील बंधने सैल झाली, देशी उत्पादन वाढले आणि तोवर मुख्यतः एचएमव्ही या एकाच कंपनीच्या हाती असलेला ध्वनिमुद्रणाचा बाजार काही वर्षांत फुटला. गुलशन कुमार यांची टी-सीरिज ही या बदलाची सर्वांत ठळक खूण. पण तिच्याबरोबरच प्रांतोप्रांती लहान कंपन्या निघाल्या आणि ज्या बोलींना, ज्या जातिसमूहांना आणि ज्या देवतांना तबकडीच्या काळात जागा मिळाली नव्हती, त्यांची गाणी विकली जाऊ लागली. अमेरिकन अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात या स्थित्यंतराची सविस्तर मांडणी केली आहे. महाराष्ट्रात वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांचा आवाज वस्तीवस्तीत पोचला तो मोठ्या प्रमाणावर याच माध्यमातून, आणि आंबेडकरी चळवळीच्या गायनपरंपरेचा अभ्यास कॅसेट वगळून करताच येणार नाही.

कंपनीच्या कॅसेटीबरोबरच तालुक्याच्या गावी एक दुसरा व्यवहारही चाले, आणि संग्राहकाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. कोरी कॅसेट दुकानात द्यायची, हव्या त्या गाण्यांची यादी लिहून द्यायची आणि दोन दिवसांनी ती ‘भरून’ घ्यायची, ही पद्धत सर्वांच्या परिचयाची होती. अशा दुकानदारांकडे चित्रपटगीतांच्या जोडीला आसपासच्या जत्रांतून, कीर्तनांतून आणि मिरवणुकांतून आलेल्या फितीही जमत, मागणीनुसार त्यांच्या प्रती निघत आणि प्रतीवरून प्रत निघत ती गावोगाव पसरत असे. भाविक आणि रसिक स्वतःची यंत्रे घेऊन मंडपात बसत. कोणी भोंग्याच्या खांबाजवळ टेपरेकॉर्डर ठेवी, तर कोणी ओळख काढून ध्वनिक्षेपकवाल्याच्या यंत्राला वायर जोडून थेट आवाज घेई. ऐकताक्षणी या दोन प्रकारांतला फरक कळतो, कारण पहिल्यात जत्रा ऐकू येते आणि दुसऱ्यात केवळ गळा आणि पेटी.

जामनेरचे स्थान या दृष्टीने विशेष आहे, कारण हा तालुका बोलींच्या सीमेवर वसलेला आहे. पश्चिमेकडे धुळ्यापर्यंत अहिराणीचा मुलूख पसरलेला, यावल-रावेरकडे लेवा गणबोली आणि जामनेर, बोदवड, मुक्ताईनगर या भागांत तावडी. शिवाय दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की मराठवाड्याची भाषा सुरू होते. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाने १९०७ च्या खंडात खान्देशीला, म्हणजे मुख्यतः अहिराणीला, भिल्ली भाषांच्या शेजारी बसवले, आणि २०११ च्या जनगणनेत मराठीपासून स्वतंत्रपणे मोजलेल्या खान्देशीच्या भाषकांची संख्या १८ लाखांहून अधिक भरली. परंतु सर्वेक्षण आणि जनगणना यांतून बोलीचा सूर, तिची हेल काढण्याची लकब, बतावणीतील सोंगाड्याचा वेग यांपैकी काहीच हाती येत नाही. तमाशात गण, गौळण आणि बतावणी यांनंतर जे नाट्य रंगते त्याला वग म्हणतात, आणि त्याचे संवाद पुष्कळसे जागच्या जागी रचले जातात. तोच वग पहूरला एक रात्र आणि शेंदुर्णीला दुसरी रात्र झाला, तर दोन्ही रात्रींची भाषा सारखी नसते, कारण सोंगाड्या समोरच्या गावाची बोली उचलतो. समूहाने कथागीते गाण्याची वहीगायनाची परंपरा, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींनी म्हटलेली गुलाबाईची गाणी, श्रावणातील कानबाईची गाणी यांच्या बाबतीतही हेच खरे आहे. लिखित संहिता असलीच, तर ती या प्रयोगांची सावली असते.

बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण या ठिकाणी सहज डोळ्यांसमोर येते. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या या कवयित्रीला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या मुखातील गाणी पुत्र सोपानदेव आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली म्हणून १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपाने, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह, महाराष्ट्रापुढे आली. शब्द वाचले, ही फार मोठी गोष्ट झाली. पण घरोट्याच्या (जात्याच्या) फिरण्याबरोबर त्या ओळी कोठे लांबत आणि कोठे तुटत, हे पुस्तक सांगू शकत नाही. कॅसेट खेड्यात पोचल्यानंतरच्या पिढीतील बायकांच्या बाबतीत हा तोटा टाळता येणे शक्य होते आणि काही प्रमाणात तो टाळलाही गेला. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी पुण्यातील आपल्या संस्थेमार्फत महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संशोधक या कामात आले, ओव्यांचा माहितीसंच तयार झाला आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण जमले. ते साहित्य प्रथम गुरगाव येथील लोकसंगीत-संशोधनाच्या संग्रहालयात आणि नंतर फ्रान्समध्ये सांभाळले गेले, तर २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या पुन्हा लोकांपुढे आणल्या. तबकड्यांच्या क्षेत्रात मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि तिचे मानद सचिव सुरेश चांदवणकर यांनी असेच मोठे काम केले आहे. घरगुती कॅसेट मात्र या दोन्ही प्रयत्नांच्या मधल्या जागेत अडकली: संशोधकाने ती स्वतः भरलेली नव्हती म्हणून ती संशोधन-साहित्य ठरली नाही, आणि तबकडीसारखी देखणी व दुर्मीळ वस्तू नसल्याने संग्राहकाचेही तिच्याकडे लक्ष गेले नाही.

या कामाला लागणारी दृष्टी खान्देशाला परकी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी कागदपत्रांसाठी गावोगावची दप्तरे धुंडाळली, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि अखेरची वर्षे धुळ्यात घालवली. त्यांच्या मागे १९२७ साली धुळ्यात स्थापन झालेले संशोधन मंडळ आजही त्यांच्या नावाने उभे आहे. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते जमवली. या परंपरेने जो पहिला प्रश्न विचारायला शिकवले, तोच कॅसेटच्या बाबतीत विचारावा लागतो: हातातला कागद अस्सल आहे की नक्कल, आणि नक्कल असेल तर कोणत्या नकलेवरून केलेली? प्रत्यक्ष कार्यक्रमात भरलेली कॅसेट ही अस्सल. तिच्यावरून काढलेली पहिली नक्कल, तिच्यावरून दुसरी, याप्रमाणे पिढ्या मोजतात. प्रत्येक पिढीत फितीची सरसर वाढते, उंच स्वरांची धार जाते आणि दोन्ही यंत्रांच्या वेगातील चूक एकमेकींत मिसळते. म्हणून तीच गायनपार्टी तीन घरांत मिळाली, तर तिन्ही कॅसेटी ऐकल्या पाहिजेत. एकीत आवाज स्वच्छ पण शेवट तुटलेला, दुसरीत शेवट आहे पण मधला भाग पुसलेला असे आढळते, आणि हस्तलिखितांच्या पाठभेदांप्रमाणे त्यांची तुलना करूनच पूर्ण रूप जुळवता येते. जोडलेले रूप कोठे कोठे जोडले आहे, हे लिहून ठेवणे हा या कामातील प्रामाणिकपणाचा भाग आहे.

आता प्रत्यक्ष फितीकडे वळता येईल. कॅसेटमधील पट्टी ३.८१ मिलिमीटर रुंद असते. पातळ पॉलिस्टरच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण चिकट बंधकद्रव्यात मिसळून लेपलेले असतात आणि त्या कणांच्या चुंबकीय रचनेत आवाज साठतो. पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने ‘हेड’ म्हणजे आवाज वाचणाऱ्या चुंबकीय डोक्यासमोरून सरकते, त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ९० मीटर पट्टी गुंडाळलेली असते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमधील पट्टी अधिक पातळ असते, लवकर ताणली जाते आणि शेजारच्या वेटोळ्यावर आपल्या आवाजाची फिकट छाप उमटवते. गाणे सुरू होण्याच्या क्षणभर आधी त्याच गाण्याचा अस्पष्ट भास होतो तो यामुळे. लांबलेले कीर्तन जास्तीत जास्त मावावे म्हणून लोक नव्वदचीच कॅसेट विकत घेत, ही गोष्ट दुरुस्ती करणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

जळगाव जिल्ह्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहूनही अधिक ताप होतो. कॅसेटचे प्लास्टिकचे कवच त्यात वाकते, पट्टी दाबून धरणारी फेल्टची छोटी गादी गोंद सुटून गळून पडते आणि पावसाळ्यात दमट हवेने वेटोळ्यांच्या कडांवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट उत्साहाच्या भरात यंत्रात घालून वाजवणे हा तिचा नाश करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. बुरशी असेल तर तोंडाला मुखपट्टी बांधून, इतर फितींपासून दूर, कोरड्या मऊ कापडाने ती आधी काढावी लागते. कवच वाकले असेल तर पट्टीची दोन्ही रिळे उचलून स्क्रूच्या चांगल्या कवचात बसवावी लागतात. आणि पट्टी तुटली असेल तर तिच्यासाठी मिळणारी खास चिकटपट्टीच वापरावी लागते, कारण घरातल्या साध्या चिकटपट्टीचा डिंक काही महिन्यांत पाझरून पुढच्या वेटोळ्यांना चिकटतो. जुन्या रिळांच्या काही फितींत बंधकद्रव्य ओलावा शोषून चिकट होते आणि त्या मंद उष्णतेत काही तास ठेवून वाचवतात, हे ऐकून काही हौशी लोक कॅसेटही तापवतात. कॅसेटींत हा दोष क्वचित असतो, त्यामुळे हा प्रयोग घरी करू नये. सर्वांत पहिली कृती मात्र कोणालाही जमणारी आहे. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन चिमुकले चौकोन असतात. ते मोडले की यंत्र तिच्यावर नवे काही भरू शकत नाही. चौकोन नसलेल्या जागेची भोके कागदाने बुजवून चित्रपटगीतांच्या कॅसेटवर कीर्तन भरण्याची युक्ती घराघरांत माहीत होती, आणि म्हणूनच अशा कॅसेटच्या अखेरीस, कीर्तन संपल्यावर, जुन्या चित्रपटगीताचे अर्धे कडवे अचानक सुरू होते.

वाजवण्यापूर्वी पट्टी एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून घेतली म्हणजे वेटोळी सैल होऊन सारखी बसतात. वाजवणारे यंत्र नवे आणि स्वस्त असण्यापेक्षा जुने पण चांगले सांभाळलेले असणे केव्हाही श्रेयस्कर. संगणकाला जोडण्यासाठी मिळणाऱ्या हलक्या खेळण्यासारख्या यंत्रांचा वेग स्थिर नसतो आणि तो दोष नव्या प्रतीत कायमचा शिरतो. हेड, कॅप्स्टन नावाचा पट्टी ओढणारा पोलादी दांडा आणि त्यावर दाबणारा रबरी रोलर ही तिन्ही अंगे स्वच्छ पुसून घ्यावीत. त्यानंतर येते ती या कामातील सर्वांत नाजूक पायरी. हेडमधील सूक्ष्म फट पट्टीच्या प्रवासाला बरोबर काटकोनात असावी लागते. या कोनाला ‘अझिमथ’ म्हणतात. गावातल्या टेपरेकॉर्डरचे हेड थोडे कललेले असेल, तर त्यावर भरलेली फीत त्याच कलात वाजवावी लागते, आणि अंशाच्या अल्प भागाचाही फरक पडला तर ‘स’ आणि ‘श’ यांतील भेद पुसला जातो, घुंगरू नाहीसे होतात आणि गायक जणू गोधडीतून गातो आहे असे वाटते. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी सावकाश फिरवत, कानाने ऐकत, आवाज सर्वांत लखलखीत होतो तो बिंदू शोधावा लागतो, आणि प्रत्येक कॅसेटसाठी, पुष्कळदा प्रत्येक बाजूसाठी, तो नव्याने शोधावा लागतो. अनेक संग्राहक ही पायरी गाळून नंतर संगणकावर उंच स्वर वाढवतात. पण जे पट्टीवरून उचललेच गेले नाही, ते कोणताही संगणक परत आणू शकत नाही.

वेगाचा प्रश्नही असाच स्थानिक परिस्थितीतून आलेला आहे. वीज नसलेल्या मंडपात टेपरेकॉर्डर सेलवर चाले आणि मध्यरात्रीनंतर सेल उतरू लागले की पट्टी हळू सरकू लागे. हळू भरलेली पट्टी नंतर नेहमीच्या वेगाने वाजवली की आवाज चढा आणि घाईचा होतो. वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला तर सूर अर्ध्या पायरीने सरकतो, म्हणजे काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गातो आहे असे भासते. दुरुस्तीसाठी काहीतरी पक्का आधार हवा असतो. पेटी हा असा एक आधार आहे, कारण तिच्या पात्यांचा सूर रात्रीतून बदलत नाही. त्या गायकाची पेटी कोणत्या पट्टीत लागे, हे सांगणारे कोणी गावात भेटले तर काम सोपे होते. मंडपात वीज असेल, तर दुसरा आधार म्हणजे भोंग्याच्या यंत्रातून आलेला तिचा गुणगुणाट. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तने, ठरलेली आहे. फितीवर हा गुणगुणाट ५३ वर आढळला, तर वेग किती चुकला ते काढता येते. त्या काळी विजेची वारंवारताही खालीवर होत असे, त्यामुळे हा हिशेब पेटीशी पडताळूनच स्वीकारावा.

संगणकात घेताना ध्वनी आकुंचित न करता, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ या मापाने घ्यावा, असे ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे मार्गदर्शन आहे. किमान ४८ किलोहर्ट्झ तरी असावे. पहिल्या मापाने दोन्ही वाहिन्यांच्या एका तासाला सुमारे दोन गिगाबाइट जागा लागते, आणि आजच्या साठवणुकीच्या दरात ती फार नाही. मोबाइलवर पाठवायला सोयीची एमपी३ प्रत नंतर केव्हाही काढता येते. उलट दिशेने मात्र जाता येत नाही.

कच्ची प्रत तयार झाल्यावर आवाज ‘स्वच्छ’ करण्याचा मोह होतो, आणि बरेचसे नुकसान याच टप्प्यावर होते. सरसर घालवणाऱ्या संगणकप्रणाली गाण्याआधीच्या शांत क्षणातून नको असलेल्या आवाजाचा नमुना घेतात आणि तो सर्वत्र वजा करतात. स्टुडिओतील फितीला हे ठीक आहे. जत्रेतल्या फितीत शांत क्षण नसतोच. नमुन्यात गर्दीची कुजबूज, झाडाखालचा वारा, चहाच्या गाड्यावरचा स्टोव्ह हे सारे शिरते आणि ते वजा करताना गायकाच्या श्वासाचे तुकडे पडतात, डफाचा नाद बादलीसारखा पोकळ होतो. स्वस्त टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप आवरणारी सोय असे: ढोलकीची जोरदार थाप पडली की यंत्र सारा आवाज दाबी आणि मग हळूहळू वर आणी. हा चढउतार पूर्णपणे काढता येत नाही आणि काढण्याचा अट्टहासही करू नये. कडकड, गुणगुणाट आणि चुकलेला वेग एवढेच दुरुस्त करून बाकीचे जसेच्या तसे ठेवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग दिसतो. सोंगाड्याच्या विनोदाला गावाने दिलेला हशा हा त्या प्रयोगाचाच भाग आहे, आणि तो कापून केवळ सोंगाड्या ठेवला तर त्याचे बोलणे कोणाला उद्देशून होते हेच कळेनासे होते.

गर्दीच्या आवाजाला आणखी एक उपयोग आहे. बहुतेक कॅसेटींवर लेबल नसते, असले तर ‘कीर्तन साइड बी’ एवढेच असते. अशा वेळी ध्वनिक्षेपकावरच्या घोषणा कामी येतात: देणगी देणाऱ्यांची नावे, सरपंचांचा उल्लेख, हरवलेल्या मुलाची हाक, पाचोऱ्याहून जामनेरला येणाऱ्या छोट्या रेल्वेच्या वेळेची आठवण. सुमारे शंभर वर्षे चाललेली ती अरुंद मापाची गाडी २०२० मध्ये बंद झाली. तिच्या शिट्टीचा आवाज एखाद्या फितीच्या पार्श्वभूमीला असेल, तर जागा ठरवायला तो पुरावाच आहे. या घोषणा ओळखणारी माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत. म्हणून प्रत घेताना एखाद्या जाणत्याला शेजारी बसवून, तो जे सांगेल ते स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करावे, कॅसेटच्या दोन्ही बाजूंची आणि आतल्या कागदाची छायाचित्रे घ्यावीत आणि ती कोणाच्या घरातून आली ते नोंदवावे.

कायद्याची बाजू टाळता येत नाही. भारताच्या १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोग करणाऱ्या कलावंताला स्वतंत्र हक्क मिळाला आणि १९९९ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ५० वर्षे झाली. स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला या कायद्यात सवलत आहे. ते विकणे किंवा सर्वांसाठी खुले करणे ही निराळी बाब आहे. पारंपरिक ओवीचा कोणी एक मालक नसला, तरी ती गाणारी बाई तिच्या गाण्याची धनी आहेच. येथे कायद्याच्याही पुढे जाऊन विचार करावा लागतो. तमाशातील आणि गायनपार्ट्यांतील बहुसंख्य कलावंत ज्या समाजांतून आले, त्यांना त्यांच्या कलेचे मोल क्वचितच मिळाले. त्यांच्या नक्कल फितींवर दुकानदारांनी कमावले आणि आता त्याच फितींवर नावाशिवाय दुसऱ्यांनी कमावणे हा तोच अन्याय पुन्हा करणे होईल. कलावंताचे किंवा त्याच्या वारसांचे नाव शोधणे, त्यांना प्रत देणे आणि त्यांची संमती घेऊनच ती खुली करणे याला पर्याय नाही. ज्या घरातून कॅसेट आली त्या घरालाही प्रत मिळाली पाहिजे. कानबाईची काही गाणी घराबाहेर ऐकवू नयेत असे कोणी म्हणाले, तर ते मानले पाहिजे.

साठवणुकीसाठी जागा जवळच आहेत. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि धुळ्याचे राजवाडे मंडळ अशा दोन भिन्न ठिकाणी एकेक प्रत आणि तिसरी तालुक्यातील एखाद्या वाचनालयात राहिली, तर एका ठिकाणी आग लागो वा यंत्र बिघडो, आवाज टिकतो. काम कोठून सुरू करावे, याविषयी मात्र ठाम मत द्यायला हरकत नाही. सुबक छापील वेष्टणाच्या कॅसेटी शेवटी घ्याव्यात. आधी घ्याव्यात त्या बिनलेबलाच्या, नव्वद मिनिटांच्या, कडेला बुरशी धरलेल्या. त्यांतही बायकांच्या आवाजाच्या आधी, कारण गुलाबाई आणि कानबाईची गाणी कोणत्याही दुकानात भरून मिळत नव्हती आणि त्यांची दुसरी नक्कल निघण्याची शक्यता सर्वांत कमी आहे. त्यानंतर वहीगायन आणि वग, मग कीर्तने. आणि या सर्वांच्या बरोबरीने, चांगल्या स्थितीतील दोन-तीन जुनी टेपयंत्रे, त्यांचे रबरी पट्टे आणि ती उघडून दुरुस्त करणारा तालुक्यातला एखादा जुना कारागीर हाताशी ठेवावा.